पाठीमागची हाक

बॅकला खेळणाऱ्या पोरीला आपला गोलकीपर दिसत नाही, फक्त ऐकू येतो. समोर चेंडू असतो, अंगावर धावून येणाऱ्या पोरी असतात, आणि पाठीमागून हाका येत राहतात. ‘सोड!’ म्हणजे बाजूला हो, मी घेते. ‘घे!’ म्हणजे तूच मार, माझ्या भरवशावर राहू नकोस. ‘वेळ आहे!’ म्हणजे घाबरू नकोस, जवळ कुणी नाही, निवांत पास दे. ‘मागे!’ म्हणजे गोलाजवळ ये. ‘वर!’ म्हणजे सगळ्या बॅकनी एकदम पुढे सरका, समोरची आपल्यामागे राहून ऑफसाइड ठरू दे. चांगल्या बॅकची निम्मी अक्कल पायात असते आणि निम्मी कानात.

या पोरीचे कान तिच्या ताईने घडवले होते.

बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायला. दोघं बाहेर पडली की बहिणी शाळेमागच्या मैदानात. मैदान म्हणायचं आपलं, एका बाजूने चांगलाच उतार होता. वरून कुणी चेंडू नुसता ढकलला तरी तो गडगडत खाली यायचा. ताई हट्टाने खालच्या टोकाचा गोल घ्यायची. म्हणायची, “वरच्या गोलात उभं राहण्यापेक्षा घरी झोपलेलं काय वाईट?” धाकटी तिच्या पुढे, बॅकला. रोवली तिथे उभी राहायची म्हणून ताईने तिला ‘खुंटी’ नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की शाळेचे मास्तरही हजेरी घेताना अडखळायचे.

ताईचा आवाज घोगरा, बारा महिने सर्दी झाल्यासारखा. “मागे! खुंटे, मागे ये! आता घे! अगं वेळ आहे, पळतेस काय चोरासारखी!” सगळं बालपण खुंटीने हा आवाज पाठीवर घेऊन काढलं. पुढे पुढे असं झालं की हाक पुरी व्हायच्या आधीच तिचा पाय उचललेला असायचा. मात्र ताई काही बोलली की खुंटीची मान जराशी डावीकडे कलायची, कान टवकारल्यासारखी.

ताई सतरा वर्षांची असताना ते घडलं. मैदानातले गोल लोखंडी, हलवता येणारे. मागच्या बाजूला वाळूच्या गोण्या ठेवून ते दाबून धरायचे. धावण्याच्या शर्यतींसाठी कुणीतरी गोण्या हलवल्या होत्या आणि परत ठेवायचं राहून गेलं होतं. सराव संपल्यावर जाळीचा वरचा कोपरा सुटलेला दिसला, म्हणून ताईने नेहमीसारखी उडी मारून आडवा खांब धरला आणि लोंबकळत गाठ मारायला लागली. खुंटी चढावर गेलेला चेंडू आणायला पळत होती. पाठ गोलाकडे. वारा समोरून. ताई काहीतरी ओरडली. खुंटीला वाटलं, चेंडू मागतेय. वळून बघेपर्यंत गोल तोंडावर पालथा पडलेला होता, ताई त्याच्याखाली.

ताई काय ओरडली, ते तिला कळलं नाही. एकच शब्द होता, एवढं नक्की. लोकांनी मागाहून सगळं विचारलं, गोण्या कुणी हलवल्या, शिक्षक कुठे होते. तो शब्द कोणता होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ताई गेली, त्यानंतर खुंटीने चेंडूला पाय लावला नाही. कॉलेजला जायची, यायची, भिंतीला पाठ लावून बसायची. पाठीमागे मोकळी जागा असली की तिला कसंतरी व्हायचं. बाबा मुळातच शब्द जपून वापरणारे. पण शहरातल्या महिला क्लबने नव्या मुलींची चाचणी ठेवल्याचं कुठून तरी त्यांच्या कानावर आलं. त्या दिवशी ते अर्धी रजा काढून घरी आले आणि म्हणाले, “बूट घे. चल.”

“बाबा, नको.”

“लिफ्ट वर अडकली तर सोडवता येते, खाली अडकली तरी सोडवता येते. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली सगळ्यात वाईट. तू मधे अडकलीयेस.”

वर्षभरात ते एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलले होते. ती गेली.

चाचणीत तिला एका अनोळखी टीमच्या बॅकला उभं केलं. पाय जड, दम तोकडा. एक लांब चेंडू उंचावरून तिच्याकडे आला आणि ती घाबरून तो कुठेतरी भिरकावून देणार, इतक्यात पाठीमागून आवाज आला.

“वेळ आहे!”

घोगरा. सर्दी झाल्यासारखा.

तिने चेंडू छातीवर घेतला, खाली उतरवला, मान वर करून शांतपणे पास दिला. मग वळून बघितलं. गोलात एक अनोळखी मुलगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. ती काही बोललेली दिसत नव्हती.

चाचणी संपल्यावर कोच मॅडमने तिला बाजूला घेतलं. “काय गं, तुला मानेवर डोळे आहेत का? मागे न बघता सगळं कळतं तुला.”

“सवय आहे मॅडम,” खुंटी म्हणाली.

क्लबने तिच्याशी करार केला. मुलींसाठी भाड्याने घेतलेला मजला टायरच्या गोदामावर होता. खोल्या, चादरी, टॉवेल, सगळ्याला रबराचा वास. सकाळी मैदान, मग वजनं उचलणं, दुपारी पडदे ओढून जुन्या मॅचचं चित्रण बघणं. व्यावसायिक खेळाडू होणं म्हणजे टाळ्या, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात ते म्हणजे घोट्याला बर्फ आणि पुन्हा घोट्याला बर्फ.

टीमची मुख्य गोलकीपर चौतिशीची होती. बाकीच्या पोरी तिशीच्या आतल्या, म्हणून तिला सगळ्या ‘मावशी’ म्हणत. एका खांद्यात स्क्रू, नवरा बेकरीत, तोंड दांडपट्ट्यासारखं. पहिल्याच मॅचआधी तिने बघितलं की ही नवी पोरगी दोन्ही गोलांपाशी जाऊन खांब हलवून बघते, मागे जाऊन जमिनीत ठोकलेल्या खिळ्यांना लाथ मारून बघते.

“हे काय नवीन? खांबांना दृष्ट लागते का तुझ्या गावाला?”

“हो,” खुंटी म्हणाली. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढे सगळ्या तिला त्यावरून चिडवायच्या. ती हसायची, आणि खांब हलवायची.

सीझनच्या सुरुवातीलाच एका जुन्या बॅकच्या मांडीचा स्नायू फाटला आणि खुंटीला मैदानात उतरावं लागलं. तिथेही तो आवाज आलाच. ‘मागे.’ ती मागे सरकली आणि जिथे ती उभी राहिली, नेमका तिथेच चेंडू आला. ‘आता.’ तिने पाय घातला आणि चेंडू अलगद काढून घेतला. प्रत्येक मॅचला तेच. कुणीतरी पेपरात लिहिलं की या मुलीची समज तिच्या वयापेक्षा मोठी आहे. आईने ते कात्रण वाचून परत घडी करून कपाटात ठेवलं. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, “पाय ठीक ना?”

सुरुवातीला तिला भीती वाटायची. ती हरण्याची नसायची. मग हळूहळू भीती वाटेनाशी झाली. खरं तर तेव्हा घाबरायला हवं होतं. कारण आता ती हाकेची वाट बघू लागली. सरावात आवाज कधी यायचा नाही, फक्त मॅचला. म्हणून तिला सराव नकोसा व्हायला लागला आणि मॅचचा दिवस कधी उजाडतो असं होऊ लागलं. बसमध्ये पोरी गाणी लावायच्या, तर ही कानात बोटं घालून बसायची. कान साफ राहिले पाहिजेत. कुणी पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही. त्या जागेवर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता.

पहिली कुरबूर मावशीने केली. दुपारी पडद्यावर मॅच चालू होती. कोच मॅडमने चित्र थांबवलं. मावशी तोंड उघडून ओरडतेय, तीन बॅक पुढे सरकल्यात, आणि चौथी, म्हणजे खुंटी, एकटीच मागे पळतेय.

“इथे मावशीने ‘वर’ म्हटलंय. तू मागे का गेलीस?”

“चेंडू मिळाला ना मॅडम पण.”

“मिळाला. पण तू मागे राहिलीस म्हणून समोरची ऑफसाइड झाली नाही. उत्तर बरोबर, रीत चूक. रोज नशीब साथ देणार नाही.”

मावशी खुर्चीतून म्हणाली, “मी तिकडे घसा फोडते, आणि ही भलत्याच कुणाचं तरी ऐकते.”

ती बोलायची म्हणून बोलली होती. खुंटीच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. खोलीत अंधार होता म्हणून कुणाला दिसला नाही.

मग ती धुक्यातली मॅच आली. मैदान नदीकाठी होतं. मध्यंतरानंतर पाण्यावरून धुकं सरकत आलं आणि बघता बघता पलीकडचा गोल दिसेनासा झाला. रेफरीने दोन्ही कप्तानांना विचारलं, दोघींनी खेळू म्हटलं. प्रेक्षक दिसत नव्हते, नुसता त्यांचा आवाज कापसातून आल्यासारखा येत होता. उजवीकडून उंच चेंडू आला, पांढऱ्यातून एकदम काळा ठिपका निघावा तसा.

“सोड!” मावशी ओरडली. मोठ्याने, स्वच्छ.

आणि त्याच क्षणी, मावशीपेक्षाही जवळून, जवळजवळ मानेपाशी: “घे!”

खुंटीने उडी घेतली.

तिचं डोकं मावशीच्या खांद्यावर आदळलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दोघी खाली कोसळल्या आणि चेंडू त्यांच्यामधून, कसलीही घाई नसल्यासारखा, गोलात गेला. मावशीचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचरवर घालून नेताना तिने खुंटीकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

“मी सोड म्हटलं होतं,” ती म्हणाली.

बसमध्ये खुंटीच्या शेजारची जागा रिकामी राहिली. कोच मॅडमने तिला पुढच्या मॅचसाठी बाकावर बसवलं. बाकावर बसून तिने कान देऊन बघितलं. काही ऐकू आलं नाही. रबराच्या वासाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून ती बसायची, आणि मनात एकच गोष्ट फिरायची. ताईने मला मुद्दाम मावशीच्या अंगावर पाठवलं का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी, त्याहून वाईट: पाठवलं असेल तर पुन्हा पाठवू दे, पण बोलू दे.

शेवटी ती मावशीच्या घरी गेली. तिसरा मजला, जिन्यात ब्रेडचा वास. मावशीने स्वतःच दार उघडलं. डावा हात झोळीत अडकवलेला.

“आलीच आहेस तर बटाटे सोल. एका हाताने दोनच होतात माझे.”

खुंटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. तीन-चार बटाटे सोलून झाल्यावर म्हणाली, “मावशी, मला तुझी हाक ऐकू आली होती.”

“माहितीये. नदीपलीकडच्या लोकांनापण आली होती.”

“पण त्याच वेळी आणखी एक आली. ‘घे’ म्हणून.”

“कुणाची?”

खुंटीने सांगितलं. बटाट्यावरची नजर न उचलता, उतारापासून पालथ्या पडलेल्या गोलापर्यंत, आणि चाचणीतल्या हाकेपासून धुक्यातल्या हाकेपर्यंत. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. मावशी हसेल, किंवा जवळ घेईल, किंवा डॉक्टरकडे जा म्हणेल, असं तिला वाटलं होतं. मावशीने यातलं काही केलं नाही. सुरी घेऊन एक सोललेला बटाटा चिरायला घेतला आणि विचारलं, “आवाज कसा आहे?”

“घोगरा.”

“चांगला. घोगरा आवाज वाऱ्यात फाटत नाही. आणि कीपर म्हणून कशी?”

“भारी. उडी जबरदस्त. फक्त गोल सोडून बाहेर यायला नको म्हणायची. उतार होता ना. बाहेर आलं आणि चेंडू डोक्यावरून गेला की संपलंच. म्हणून आम्हाला मागे ओढायची आणि उंच चेंडू आम्हालाच मारायला लावायची.”

मावशीने सुरी खाली ठेवली. “म्हणजे ‘वर’ कधी म्हणायचीच नाही.”

खुंटीने आठवून बघितलं. “नाही. कधीच नाही.”

“आणि आतासुद्धा म्हणत नाही.”

“नाही.”

“मग पोरी, ती तुला काही करायला बघत नाहीये. ती अजून त्या उतारावरच उभी आहे. तिला वाटतंय चेंडू गडगडत येणार. तिला काय माहीत तू कुठल्या मैदानात आहेस! किती वर्षांची होती म्हणालीस?”

“सतरा.”

“आणि तू आता?”

“वीस.”

“म्हणजे ती आता तुझी ताई राहिली नाही. धाकटी झाली.”

खुंटी ताडकन उठली. स्टूल मागे पडलं. “तिला धाकटी म्हणायचं नाही! तुला काय माहीत गं? तुला काय माहीत ती कशी होती?”

“नाही माहीत,” मावशी शांतपणे म्हणाली. “बटाटे संपव, मग भांड.”

खुंटी दारापर्यंत गेली. तिथे उभी राहून रडली, हमसून हमसून, पाठ खोलीकडे करून. मग परत येऊन तिने उरलेले बटाटे सोलले.

पुढच्या आठवड्यात सरावाला सगळ्या आल्या तर मावशी झोळीतल्या हातासह गोलामागे, पाण्याच्या बाटल्यांच्या पालथ्या खोक्यावर बसलेली. गोलात दुसरी कीपर होती, कोवळी पोर, इतकी लाजरी की तिला सगळ्या ‘मुकी’ म्हणत. मावशी तिच्यावर खेकसायची, “ओरड! हाक देतेयस की उधार मागतेयस?” आणि मग खुंटीकडे वळायची. सराव उरकल्यावरही ती खुंटीला थांबवून घ्यायची. मुकीने हाक द्यायची, खुंटीने त्याप्रमाणे करायचं. पुन्हा. पुन्हा. खुंटीचे पाय हाकेआधीच मागे पळायचे, इतक्या वर्षांची खोड ती.

“तिचं ऐकूच नकोस, असं मी म्हणत नाही,” एकदा मावशीने तिला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं. “तसं सांगायला मी कोण? दोघींचं ऐक. पण जी जिवंत आहे तिचे दात पडायचेत की राहायचेत, हे तुझ्यावर आहे.”

खुंटी पुन्हा मैदानात उतरली ती घरच्या मॅचला. खांब हलवून बघितले. मुकी गोलात, चेहरा खडूसारखा. मध्यंतरापर्यंत काही ऐकू आलं नाही. मध्यंतरानंतर समोरच्या टीमची मधली खेळाडू चेंडू घेऊन मान वर करताना दिसली, आणि पाठीमागून एक बारीक, थरथरता आवाज आला: “वर!” मुकीचा.

त्याच्यावर चढून दुसरा. “मागे! खुंटे, मागे ये!”

ताई नेहमी हुकूम सोडायची. यावेळी तो हुकूम नव्हता. विनवणी होती. खुंटीची मान डावीकडे कलली. पाय मागे वळायला लागले. मग तिने दात आवळले आणि पुढे पाऊल टाकलं. एक, दुसरं. “मागे ये ना गं!” आवाज लांब जात होता, जसजशी ती पुढे सरकत होती तसतसा, खरंच कुणीतरी तिथेच उभं असल्यासारखा.

डावीकडच्या बॅकला पुढे यायला उशीर झाला. पास मधून गेला, ऑफसाइड नव्हता, मुकी एकटी पडली, गोल झाला. मॅच त्या एका गोलाने गेली.

“तू बरोबर होतीस,” कोच मॅडम म्हणाल्या. “तू वर आलीस, ती आली नाही. चूक तिची.”

मावशीने लांबूनच मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी. खुंटी कपड्यांनिशी शॉवरखाली बसली. सगळ्या जणी बरोबर म्हणत होत्या आणि तिला मात्र वाटत होतं की आपण कुणाला तरी त्या उताराच्या तळाशी एकटं टाकून वर निघून आलो. पाणी गार झालं तरी ती उठली नाही. मुकीने बाहेरून दार वाजवलं, तेव्हा उठली.

त्यानंतर आवाज आला नाही.

उरलेल्या सीझनभर ती खेळली, पण नीट नाही. चेंडू आला की ती किंचित थांबायची. कुणाला तरी बोलायला जागा द्यावी तशी. तेवढ्यात समोरची निसटून जायची. ज्यांनी तिची समज वाखाणली होती त्यांनीच लिहिलं की पहिल्या वर्षाची चमक उतरली. दुसऱ्या वर्षी ती मान वळवून बघायला शिकली, इतर सगळ्या बॅक बघतात तशी. मुकी ओरडायला शिकली, आणि एकदा ओरडायला लागली ती थांबेना. मावशीचं हाड जुळलं, पण खांदा पूर्ण वर जाईना. ती कीपरांची कोच झाली आणि म्हणू लागली की आता तरी माझं ऐकावं लागेल, पगारच त्याचा घेते. खुंटी हळूहळू एक भरवशाची बॅक झाली. चमकदार नव्हे, भरवशाची. एवढंही भल्याभल्यांना साधत नाही.

दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या मॅचला आई आली.

ताई गेल्यापासून आईने मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. खुंटीच्या मॅच ती फोनवर बघायची, तेही दुकानातलं काम हातात घेऊन. त्या दिवशी न सांगता आली. खुर्च्यांवर बसायला तयार होईना. तिला गोलामागे बसायचं होतं. कोच मॅडमने एक घडीची खुर्ची दिली. आई पर्स मांडीवर घेऊन खुंटीच्या गोलामागे बसली, ताठ, दवाखान्यात नंबरची वाट बघत बसावं तशी. मध्यंतरात बाजू बदलल्या, तर तिने खुर्ची उचलली आणि मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलामागे जाऊन मांडली. चेंडू कुठे आहे याकडे तिचं लक्ष नव्हतं.

मॅच बरोबरीत सुटली. खुंटी घाम पुसत तिच्याजवळ गेली.

“आई, सांगितलं असतंस तर घ्यायला आले असते.”

“आज काही बोलली का?” आईने विचारलं.

“कोण?”

“कोण म्हणजे? ती बोलली की तू मान डावीकडे करायचीस, लहानपणापासून. मी फोनवर बघायचे ना. सगळं पहिलं वर्ष तू तशी मान करत होतीस. नंतर बंद झालं.” आईने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. “म्हटलं, इथे बसून मला तरी ऐकू येते का बघावं.”

खुंटीला खाली बसावं लागलं, तिथेच, गवतावर. “नाही गं आई. आता नाही बोलत. मी तिचं ऐकलं नाही.”

“हं. मग बरोबर.” आईने मान डोलावली. दुकानात गिऱ्हाईकाचा नंबर बरोबर निघाल्यावर डोलावत असेल तशी. “तेव्हापासूनच घरी आली आहे ती.”

“काय?”

“बाथरूममध्ये पाय धुते आणि नळ तसाच सोडून जाते. बाबांनी दोनदा वायसर बदलला. तिसऱ्यांदा म्हणाले, राहू दे, वाहू दे थोडं.” ती उठली आणि तिने खुर्चीची घडी घातली. “बोलत नाही पण काही. तुझ्याशी बोलायची तरी.”

त्या बोलण्यात हेवा होता, हे खुंटीला फार नंतर कळलं. त्या वेळी तिने फक्त आईचा हात धरला. हात कोरडा होता, बोटांवर काचेच्या भुकटीने पडलेल्या बारीक रेघा.

“आज राहा ना माझ्याकडे. पोरी आहेत, मजा येईल.”

“नको. बाबा कामावर आहेत आज. घरी ती एकटी...” आई बोलता बोलता थांबली, आणि मुलीकडे बघून थोडीशी हसली, चोरी पकडली गेल्यासारखी. मग बसस्टॉपकडे निघाली. चालताना तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या सीझनला खुंटीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या क्लबने घेतलं. मावशीने निरोपाला तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि डोळ्यात काहीतरी गेल्याचं निमित्त केलं. नव्या क्लबची खोली स्वच्छ आहे, कुठलाच वास नाही. मैदान इतकं सपाट की पाणी सांडलं तर कुठे वाहावं ते त्याला कळत नाही. नवी कीपर परदेशात खेळून आलेली, मोजून हाका देते, आणि खुंटी त्या सगळ्या ऐकते. पत्रकार विचारतात, घडवलं कुणी? ती कोच मॅडमचं आणि मावशीचं नाव सांगते. तिसरं नाव सांगत नाही.

रविवारी ती घरी फोन करते. बाबांच्या गुडघ्याचं विचारते, दुकानाचं विचारते. मग जरा थांबते. आईला कळतं ती का थांबली ते.

“इकडची काळजी करू नकोस,” आई म्हणते. “आम्ही तिघंही बरी आहोत.”

सुरुवातीला खुंटी तिचं ‘तिघं’ दुरुस्त करायची. आता करत नाही. बरं म्हणते, फोन ठेवते, आणि बूट घेऊन सरावाला जाते.